शालेय विज्ञान प्रकल्प

शालेय विज्ञान प्रकल्प म्हणजे विद्यार्थ्याने शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली एखादा विज्ञानविषयक प्रश्न निवडून, निरीक्षण, प्रयोग, मोजमाप किंवा सर्वेक्षण यांच्या साहाय्याने त्याचे उत्तर शोधण्यासाठी ठरावीक मुदतीत केलेला अभ्यास होय. हा अभ्यास अहवाल, तक्ते, आलेख, प्रतिकृती आणि तोंडी निवेदन यांच्या द्वारे वर्गापुढे, विज्ञान प्रदर्शनात किंवा स्पर्धेत मांडला जातो. प्रकल्प एका विद्यार्थ्याचा असू शकतो किंवा लहान गटाचा. महाराष्ट्रातील शाळांत तो साधारणपणे उच्च प्राथमिक स्तरापासून करून घेतला जातो.

प्रकल्पाचे दोन मुख्य भाग पडतात: नियोजन आणि सादरीकरण. प्रश्नाची निवड, गृहीतक, प्रयोगाची आखणी, साहित्याची जुळवाजुळव व वेळापत्रक यांचा समावेश नियोजनात होतो. तर मिळालेली निरीक्षणे व निष्कर्ष दुसऱ्याला पटतील अशा रीतीने मांडणे म्हणजे सादरीकरण. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे विद्यार्थ्याची नोंदवही.

प्रयोग, प्रतिकृती आणि प्रकल्प

व्यवहारात ‘प्रयोग’, ‘प्रतिकृती’ व ‘प्रकल्प’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत फरक आहे.

पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते. तो एखादे तत्त्व पडताळून पाहण्यासाठी किंवा हाताला कौशल्य यावे म्हणून केला जातो. प्रतिकृती ही एखाद्या यंत्राची, अवयवाची किंवा प्रक्रियेची लहान आकारातील मांडणी असते. पवनचक्की, मानवी हृदय, पर्जन्यजलसंचय ही तिची नेहमीची उदाहरणे. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून फेस उसळवणारा ‘ज्वालामुखी’ हेदेखील केवळ एक प्रात्यक्षिक आहे. प्रकल्पात मात्र असा प्रश्न असतो की ज्याचे उत्तर काम सुरू करताना विद्यार्थ्याजवळ नसते. मोठ्यांना ते ठाऊक असले तरी चालते. विद्यार्थ्याने ते स्वतःच्या निरीक्षणांतून मिळवले पाहिजे.

स्वरूपानुसार प्रकल्पांचे पुढील प्रकार केले जातात:

प्रायोगिक प्रकल्प: एक घटक बदलून त्याचा दुसऱ्या घटकावर होणारा परिणाम मोजणे.
निरीक्षणात्मक प्रकल्प: निसर्गातील घटनांची दीर्घकाळ नोंद ठेवणे, उदा. विहिरीची पाणीपातळी, परिसरातील पक्षी, दुपारच्या सावलीची लांबी.
सर्वेक्षण प्रकल्प: प्रश्नावली किंवा मोजणी यांच्या आधारे माहिती गोळा करणे, उदा. वस्तीतील घरांचा पाणीवापर.
रचनात्मक प्रकल्प: एखादी अडचण सोडवण्यासाठी साधन तयार करून त्याची चाचणी घेणे.

इतिहास

‘प्रकल्प पद्धती’ ही शिक्षणशास्त्रातील संज्ञा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांच्या १९१८ मधील निबंधामुळे रूढ झाली. तिच्यामागे जॉन ड्यूई यांचा कृतीतून शिक्षणाचा विचार होता. न्यूयॉर्क येथे ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट’ या संस्थेने १९२८ मध्ये मुलांचे विज्ञान प्रदर्शन भरवले. १९५० मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकेतील पहिले राष्ट्रीय पातळीवरील शालेय विज्ञान प्रदर्शन झाले आणि त्यातूनच पुढे आजचे आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी प्रदर्शन विकसित झाले.

भारतात महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडलेल्या नयी तालीम या विचारात हाताच्या कामाला शिक्षणाचे केंद्र मानले होते. विज्ञानशिक्षणापुरते पाहिल्यास मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम (१९७२ ते २००२) हा महत्त्वाचा टप्पा होय. खेड्यांतील साध्या शाळांमध्ये स्वस्त साहित्याने मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, निष्कर्ष स्वतः काढावेत, हे या कार्यक्रमाचे सूत्र होते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून मुलांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शने भरवत आली आहे. महाराष्ट्रात शाळा, तालुका, जिल्हा व राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी ही प्रदर्शने होतात. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद हा उपक्रम देशभर राबवला जाऊ लागला. १० ते १७ वर्षे वयोगटातील मुले एका मुख्य विषयाच्या चौकटीत आपल्या परिसरातील प्रश्नावर अभ्यास करून तो येथे सादर करतात. शाळेबाहेरील मुलांनाही त्यात भाग घेता येतो आणि सादरीकरण भारतीय भाषांतून करता येते. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर – मानक’ योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला आपली कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी १०,००० रुपये दिले जातात.

मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या मंडळातर्फे इयत्ता सहावी व नववीसाठी घेतल्या जाणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेबरोबरच कृतिसंशोधन प्रकल्पाचाही समावेश असतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पुण्यातील आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका या संस्थांनीही राज्यात विज्ञानप्रसाराचे काम केले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. अनेक शाळा आपले प्रदर्शन याच सुमारास भरवतात.

नियोजन

विषयाची निवड

चांगल्या प्रकल्पाचा विषय बहुधा घर, अंगण, शेत किंवा रस्ता येथेच सापडतो. तो निवडताना चार गोष्टी पाहाव्यात: विद्यार्थ्याला त्याविषयी खरे कुतूहल आहे का, त्यात काही मोजता किंवा मोजून नोंदवता येते का, साहित्य सहज मिळते का आणि उपलब्ध मुदतीत काम पुरे होईल का.

महाराष्ट्र व गोव्याच्या परिसरातून सहज सुचणारे काही विषय असे: हळद, जास्वंद व कोकम यांच्या रसांचा आम्ल-आम्लारी दर्शक म्हणून वापर; काळी माती, वाळू व जांभ्याची माती यांची पाणी धरून ठेवण्याची क्षमता; मटकीला मोड येण्यावर तापमानाचा परिणाम; शाळेच्या छतावर पडणाऱ्या पावसाची दैनंदिन मोजणी; शून्य सावलीचा दिवस. शून्य सावलीचा दिवस राज्यात साधारणतः मे महिन्यात व पुन्हा जुलैमध्ये येतो. मे महिन्यात आकाश निरभ्र असते, पण शाळेला सुट्टी असते. जुलैमध्ये शाळा भरते, पण आकाश ढगाळलेले असते. विषय निवडतानाच ऋतूचा विचार का करावा लागतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

प्रश्न आणि गृहीतक

‘पाणी’, ‘प्रदूषण’, ‘सौरऊर्जा’ ही विषयांची नावे झाली. ते प्रश्न नव्हेत. विषयाला मोजता येईल अशा प्रश्नापर्यंत आणणे ही नियोजनातील सर्वांत अवघड पायरी होय. पुढील विवेचनात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे.

मातीच्या माठात पाणी गार होते, हे सर्वांना ठाऊक आहे. माठ जुना झाला की तो पूर्वीसारखे पाणी गार करत नाही, अशी तक्रारही घरोघरी ऐकू येते. यावरून ‘माठाविषयी माहिती’ असा प्रकल्प केल्यास तो पुस्तकातून उतरवलेला मजकूर होईल. त्याऐवजी ‘माठाची छिद्रे बंद झाली तर पाणी किती अंशांनी कमी गार होते?’ असा प्रश्न विचारला की त्यातच कामाची दिशा मिळते.

गृहीतक म्हणजे प्रश्नाचे कारणासह दिलेले तात्पुरते उत्तर. येथे ते असे मांडता येईल: ‘माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते. म्हणून छिद्रे बुजवलेल्या माठातील पाणी कमी गार होईल.’ गृहीतक प्रयोगापूर्वी लिहून त्यावर दिनांक घालावा. निरीक्षणे हाती आल्यावर ते बदलू नये.

चल घटक आणि तुलना

प्रायोगिक प्रकल्पात तीन प्रकारचे घटक असतात. जो आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल, ज्यावर परिणाम पाहतो तो अवलंबी चल, आणि जे बदलू द्यायचे नाहीत ते नियंत्रित घटक. माठाच्या उदाहरणात छिद्रे उघडी किंवा बंद असणे हा स्वतंत्र चल, पाण्याचे तापमान हा अवलंबी चल. तर माठाचा आकार, माती, पाण्याचे प्रमाण, झाकण, ठेवण्याची जागा हे नियंत्रित घटक होत.

प्रथमदर्शनी घरातील जुना माठ आणि बाजारातून आणलेला नवा माठ यांची तुलना करावीशी वाटते. परंतु हे दोन माठ वयाप्रमाणेच माती, जाडी, आकार आणि भाजणी यांबाबतही वेगळे असतात. तापमानात पडलेला फरक नेमका कशामुळे पडला, हे मग सांगता येत नाही. म्हणून एकाच कुंभाराकडून, एकाच भट्टीतील, सारख्या आकाराची दोन लहान मडकी घेऊन त्यांपैकी एकाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात देणे अधिक योग्य ठरते.

तरीही हाताने घडवलेली दोन मडकी तंतोतंत सारखी नसतात. यासाठी रंग देण्यापूर्वी एक दिवस दोन्ही मडकी तशीच भरून ठेवावीत व त्यांच्या तापमानांतील मूळ फरक नोंदवावा. शेजारी तेवढेच पाणी घातलेले स्टीलचे भांडे ठेवले, तर बाष्पीभवनाचा लाभ न मिळालेल्या पाण्याचे तापमानही तुलनेसाठी मिळते.

साहित्य आणि मोजमाप

साहित्याची यादी करताना प्रत्येक उपकरणाची मोजण्याची श्रेणी व लघुतम माप लिहावे. ताप पाहण्याचा तापमापक या प्रयोगात निरुपयोगी आहे, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअस एवढेच तापमान दाखवतो. प्रयोगशाळेतील तापमापक हवा. तो पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा असल्यास फुटण्याचा धोका कमी गंभीर ठरतो. ज्या तापमापकावर एक-एक अंशाच्या खुणा आहेत, त्यावरून ‘२६.३७ अंश’ असे वाचन लिहिणे चुकीचे आहे.

किती पाणी उडून गेले हे पाहण्यासाठी मडक्याचे पाण्यासह वजन करावे लागते. १ लिटर पाण्यातून १० ग्रॅम पाणी उडाले, तर तो बदल ५ ग्रॅम लघुतम मापाच्या काट्यावर जेमतेम दिसेल. १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा असल्यास नोंद विश्वसनीय होईल. असा काटा शाळेत नसेल तर किराणा दुकानदाराला विनंती करता येते.

कोरे मडके आरंभी स्वतःच पाणी शोषून घेते. म्हणून प्रयोगापूर्वी ते एक दिवस पाण्याने भरून ठेवावे. तापमान घेण्यापूर्वी पाणी हलके ढवळावे आणि तापमापकाचा फुगा पाण्यात असतानाच वाचन घ्यावे. असे बारकावे कार्यपद्धतीत लिहिले, तरच दुसऱ्या कोणाला तोच प्रयोग पुन्हा करता येतो.

वेळापत्रक

सहा आठवड्यांच्या प्रकल्पाची विभागणी पुढीलप्रमाणे करता येते:

पहिला आठवडा: विषय, वाचन, प्रश्न व गृहीतक.
दुसरा आठवडा: आखणी, साहित्य, शिक्षकांची संमती व एक चाचणी प्रयोग.
तिसरा व चौथा आठवडा: मुख्य प्रयोग आणि त्याची पुनरावृत्ती.
पाचवा आठवडा: तक्ते, आलेख, निष्कर्ष व अहवालाचा कच्चा मसुदा.
सहावा आठवडा: पक्का अहवाल, फलक आणि निवेदनाचा सराव.

चाचणी प्रयोग वगळू नये. आखणीतील बहुतेक चुका त्यातच उघड होतात आणि त्या दुरुस्त करायला अवधी मिळतो. माठाचा प्रयोग ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात केल्यास फरक ठळक दिसतो. भर पावसाळ्यात हवा दमट असल्याने बाष्पीभवन मंदावते व दोन मडक्यांतील अंतर कमी होते.

नोंदवही

नोंदवही ही प्रकल्पाची मूळ साक्ष होय. तिच्यात दिनांक, वेळ, हवामान, वाचन, झालेली चूक आणि मनात आलेली शंका असे सर्व काही त्या-त्या वेळी लिहावे. पाने क्रमांकित असावीत. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहावा. सुवाच्य अक्षरात नंतर उतरवून काढलेल्या वहीपेक्षा पाण्याचे डाग पडलेली मूळ वही अधिक मोलाची मानली जाते. गटाने केलेल्या प्रकल्पात कोणते वाचन कोणी घेतले, याचीही नोंद ठेवावी.

विश्लेषण आणि निष्कर्ष

एकाच वाचनावरून निष्कर्ष काढू नये. प्रयोग निदान तीन वेळा करून सरासरी काढण्याची पद्धत आहे. मात्र सरासरीबरोबर मूळ वाचनेही दाखवावीत. समजा, तीन दिवसांची वाचने २६, २७ व ३१ अंश अशी आली. त्यांची सरासरी २८ येते. पण २८ अंश तापमान तीनपैकी एकाही दिवशी नव्हते. ३१ हे वाचन वेगळे का आले, हे नोंदवहीत पाहावे. त्या दिवशी झाकण उघडे राहिले असेल किंवा मडके उन्हात आले असेल, तर ते कारण लिहून प्रयोग पुन्हा करावा. कारण सापडले नाही, तर वाचन तसेच ठेवावे. गैरसोयीचा आकडा गुपचूप वगळणे हा वैज्ञानिक अप्रामाणिकपणा आहे.

काळानुसार बदल दाखवण्यासाठी रेषालेख, तर वेगवेगळ्या गटांच्या तुलनेसाठी स्तंभालेख वापरतात. दोन्ही अक्षांवर राशीचे नाव व एकक लिहिणे आवश्यक असते.

उच्च प्राथमिक व माध्यमिक विद्यार्थ्याला साध्या गणिताने आपला निष्कर्ष तपासता येतो. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. १ लिटर पाण्यातून १० ग्रॅम पाणी उडाल्यास ५,८०० कॅलरी उष्णता खर्च होते. ही सर्व उष्णता उरलेल्या पाण्यातूनच घेतली गेली, तर त्याचे तापमान जवळजवळ ५.८ अंशांनी उतरेल. प्रत्यक्ष घट याहून कमी येते, कारण भोवतालच्या हवेतून मडक्याला सतत उष्णता मिळत राहते. मोजलेला व काढलेला आकडा यांतील हे अंतर म्हणजे प्रयोगाचे अपयश नसून अहवालात चर्चा करण्याजोगा मुद्दा आहे.

निष्कर्ष प्रश्नाच्या मर्यादेतच असावा. वरील प्रयोगावरून ‘रंगाने छिद्रे बुजवलेले मडके पाणी कमी गार करते’ एवढे सांगता येते. ‘जुना माठ पाण्यातील क्षारांमुळे छिद्रे बुजून निकामी होतो’ हे विधान खरे असले, तरी या प्रयोगाने ते सिद्ध झालेले नाही. तो पुढील अभ्यासाचा विषय म्हणून नोंदवावा. त्याचप्रमाणे विदर्भातील कोरड्या हवेत मिळालेला आकडा कोकणातील दमट हवेत मिळेलच असे नाही. दोन ठिकाणच्या शाळांनी एकच प्रयोग केल्यास दोन्ही उत्तरे बरोबर असूनही भिन्न असू शकतात.

गृहीतक खोटे ठरणे म्हणजे प्रकल्प फसणे नव्हे. मायकेलसन व मोर्ली यांनी १८८७ मध्ये ईथरमधून होणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा परिणाम मोजण्यासाठी केलेल्या प्रयोगात अपेक्षित फरक आढळला नाही. तो नकारात्मक निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा प्रसिद्ध केला आणि भौतिकशास्त्राच्या इतिहासात तो अत्यंत महत्त्वाचा ठरला.

अहवाल

प्रकल्प अहवालाचा प्रचलित क्रम असा आहे: मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतक, साहित्य, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, मर्यादा, पुढील अभ्यासाच्या दिशा आणि संदर्भसूची.

यांपैकी कार्यपद्धती भूतकाळात लिहावी, कारण ती केलेल्या कामाची हकीकत असते. ‘मडके सावलीत ठेवावे’ ही सूचना झाली. ‘मडके वर्गाच्या उत्तरेकडील खिडकीत, सावलीत ठेवले’ हा अहवाल झाला. ऋणनिर्देशात पालक, कुंभार, दुकानदार यांनी कोणती मदत केली ते स्पष्ट लिहावे. पुस्तकातून किंवा महाजालावरून घेतलेली माहिती स्वतःच्या शब्दांत मांडून तिचा स्रोत द्यावा. मर्यादांचा भाग संकोचाने वगळला जातो. वस्तुतः विद्यार्थ्याला आपले काम किती समजले आहे, हे तिथेच सर्वाधिक दिसते.

सादरीकरण

फलक

प्रदर्शनात साधारणपणे तीन पानी उभा फलक वापरतात. डाव्या पानावर प्रश्न, गृहीतक व साहित्य. मधल्या मोठ्या पानावर शीर्षक, छायाचित्रे, तक्ते व आलेख. उजव्या पानावर निष्कर्ष व मर्यादा अशी मांडणी सोयीची ठरते. शीर्षक काही पावलांवरून वाचता यावे. मजकूर थोडा व चित्रे अधिक असावीत. तयार छापील चित्रांपेक्षा काम चालू असतानाची छायाचित्रे किंवा स्वतः काढलेल्या आकृत्या परिणामकारक ठरतात. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर निर्बंध आहेत. त्याऐवजी पुठ्ठा, कापड, बांबू यांचा उपयोग करता येतो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने फलक मराठीतच करण्यास कोणताही संकोच बाळगू नये. पारिभाषिक संज्ञा पाठ्यपुस्तकातील असाव्यात व त्या सर्वत्र एकसारख्या वापराव्यात.

तोंडी निवेदन

निवेदन तीन ते पाच मिनिटांत संपावे. ‘मला हा प्रश्न का पडला’ येथून प्रारंभ करून काय केले, काय आढळले व त्यावरून काय कळले, या क्रमाने बोलावे. पाठ केलेले निवेदन परीक्षकाने मध्येच थांबवल्यास कोलमडते. त्यामुळे मजकुरापेक्षा मुद्दे लक्षात ठेवणे हितावह असते. विषय ठाऊक नसलेल्या व्यक्तीपुढे, उदाहरणार्थ घरातील आजीपुढे किंवा धाकट्या भावंडापुढे, सराव केल्यास कोणता भाग अस्पष्ट आहे ते तत्काळ कळते. गटातील प्रत्येकाला संपूर्ण प्रकल्प समजावून सांगता आला पाहिजे.

परीक्षकांकडून पुढील प्रकारचे प्रश्न नेहमी विचारले जातात: ही कल्पना कशी सुचली? वाचने किती वेळा घेतली? हाच एक घटक का बदलला? प्रयोग पुन्हा करायचा झाल्यास काय वेगळे कराल? यातील तुम्ही स्वतः काय केले? उत्तर येत नसल्यास ‘मला हे ठाऊक नाही, पण अमुक रीतीने शोधता येईल’ असे सांगणे हेच योग्य उत्तर होय.

चालते प्रात्यक्षिक ठेवायचे असल्यास त्याला लागणाऱ्या वेळेचा विचार करावा. मडक्यातील पाणी गार व्हायला काही तास लागतात, म्हणून मडकी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवावी लागतात. सभागृहातील पंखे व गर्दी यांमुळे तेथील वाचन घरच्या वाचनाहून वेगळे येऊ शकते. त्याचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

मूल्यमापन

प्रदर्शनांत व स्पर्धांत सामान्यतः कल्पनेची मौलिकता, वैज्ञानिक तत्त्वाची समज, कार्यपद्धतीतील काटेकोरपणा, हस्तकौशल्य, समाजोपयोगिता, कमी खर्च आणि मांडणी हे निकष लावले जातात. वर्गपातळीवर शिक्षक अंतिम फलकाइतकेच नोंदवहीला व टप्प्याटप्प्याने झालेल्या चर्चेला गुण देऊ शकतात. असे केल्यास अखेरच्या दोन दिवसांत घाईने केलेल्या कामाला आपोआप आळा बसतो.

सुरक्षितता आणि नीती

विजेच्या प्रयोगांत घरगुती २३० व्होल्टच्या जोडणीऐवजी कोरडे विद्युत घट वापरावेत. आम्ल सौम्य करताना नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये. हे काम शिक्षकांच्या उपस्थितीतच करावे. पावावरील बुरशीचा अभ्यास बंद पारदर्शक पिशवीत करावा व ती पिशवी न उघडता नष्ट करावी. ज्वालाग्राही वायू निर्माण करणारे प्रयोग महाजालावरील चित्रफिती पाहून घरी करू नयेत.

प्राण्यांना इजा होईल किंवा उपासमार घडेल असे प्रयोग टाळावेत. माणसांविषयीच्या सर्वेक्षणात आधी संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत आणि उत्पन्न, आजार अशा खासगी बाबी गरजेशिवाय विचारू नयेत. निरीक्षणे न घेता आकडे भरणे, दुसऱ्याचा प्रकल्प उतरवणे व मदतीचा उल्लेख टाळणे हे गैरप्रकार समजले जातात.

टीका आणि मर्यादा

शालेय प्रकल्पांवर होणारी मुख्य टीका अशी की अनेक प्रकल्प विद्यार्थ्याचे नसतात. शालोपयोगी वस्तूंच्या दुकानांत तयार प्रतिकृती विकत मिळतात. काही ठिकाणी पालकच रात्र जागवून प्रतिकृती पूर्ण करतात. दिवे लागणाऱ्या, रंगीत प्रतिकृतीपुढे साध्या पुठ्ठ्यावरचा खरा अभ्यास मागे पडतो आणि ज्याच्या घरी पैसा व सवड नाही, त्या मुलाचे यात दुहेरी नुकसान होते. ज्याला तयार प्रतिकृती मिळते त्याचीही हानी होतेच. कारण स्वतःच्या हातून चूक होऊन ती स्वतः शोधण्याची संधी तो गमावतो.

शिक्षकांच्या बाजूनेही अडचणी आहेत. मोठ्या पटसंख्येच्या वर्गात प्रत्येक गटाला वेळ देणे कठीण जाते. अनेक शाळांत प्रयोगशाळा अपुरी असते. गुणांसाठी प्रकल्प सक्तीचा झाला की तो उरकण्याकडे कल वाढतो. दरवर्षी तेच विषय फिरून येतात.

यावर काही उपाय सुचवले जातात: तयार प्रतिकृतींना स्पर्धेत प्रवेश न देणे, खर्चाची मर्यादा ठरवणे, कामाचा काही भाग शाळेच्या वेळेत करून घेणे, नोंदवही पाहिल्याशिवाय परीक्षण न करणे आणि गृहीतक खोटे ठरलेल्या परंतु काटेकोर प्रकल्पांचाही गौरव करणे. माठ, माती, मटकी, सावली यांसारख्या विषयांना जवळजवळ खर्च येत नाही. त्यामुळे साधनांच्या अभावापेक्षा नेमका प्रश्न विचारण्याची सवय नसणे, हीच प्रकल्पाच्या मार्गातील मोठी अडचण असल्याचे दिसून येते.

हेही पाहा

वैज्ञानिक पद्धत
प्रकल्प पद्धती
राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद
राष्ट्रीय विज्ञान दिन
मराठी विज्ञान परिषद
बाष्पीभवन